१२ चे ५ करताना: गेस्ट हाऊस बिलिंगच्या जुन्या कोडची प्रकल्प नोंद

ज्यांच्याकडे असंच सात-आठ वर्षं जुनं, चालतं, पैसे कमावणारं आणि आतून भयाण असलेलं बिलिंग सॉफ्टवेअर आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. आमचं पीएचपी आणि मायएसक्यूएलवर आहे. गोव्यात मोरजीपासून पाळोळेपर्यंत छोटी गेस्ट हाऊसं वापरतात, बुकिंग, बिल आणि महिन्याचा रिपोर्ट. ऑफिस म्हापशाला, आम्ही दोघे पार्टनर आणि एक ज्युनियर. क्लीन कोडवर प्रवचन नाही, काय केलं, काय फाटलं आणि काय मुद्दाम तसंच सोडलं एवढंच.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलच्या ५६ व्या बैठकीचा निकाल आला. दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के, आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळणार नाही, २२ सप्टेंबरपासून लागू. ७,५०० च्या वर १८ तसाच. सकाळी चहा व्हायच्या आत कांदोळीहून फोन, "पात्रांव, आमचं सॉफ्टवेअर रेडी असणार ना?" मी म्हटलं असणार.

पार्टनर म्हणाला एक आकडा तर बदलायचाय, अर्ध्या तासाचं काम. त्याचं चूक नाही, त्याने ती बिलाची फाईल २०२२ नंतर उघडलेली नाही.

ही फाईल २०१७ च्या जूनमध्ये लिहिली गेली, १ जुलैला जीएसटी सुरू होणार म्हणून. रात्री जागून, कॉपी-पेस्ट करून, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. सुंदर लिहीत बसलो असतो तर पहिले तीन गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले असते आणि आज हा कोड साफ करायला आम्ही धंद्यात नसतो. घाईत लिहिलेला कोड म्हणजे कर्ज, पुढे दुरुस्तीत फेडावं लागतं, त्यालाच टेक्निकल डेट म्हणतात. कर्ज काढलं याचं काही वाटत नाही, हप्ता कुठेच लिहून ठेवला नव्हता ही भानगड आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

कोडमध्ये १२ शोधलं. काय काय निघालं: चेक-इनची वेळ १२, डिसेंबर महिना १२, बूटस्ट्रॅपचे १२ कॉलम, फॉन्ट साईज १२, आणि मधे कुठेतरी कर. शेकड्यांनी ओळी. मग १.१२ शोधलं, ०.१२ शोधलं, ११२ शोधलं. बिल, कोटेशनचा मेल, ॲडव्हान्सची पावती, रिफंड, महिन्याचा रिपोर्ट, बुकिंग स्क्रीनवरची जावास्क्रिप्ट, सगळीकडे दर वेगळ्या पद्धतीने लिहिलेला.

सगळ्यात भारी म्हणजे रिफंडच्या फाईलमध्ये ०.१०७१४ असा एक आकडा, ना कॉमेंट ना काही. बराच वेळ कळेना हे काय आहे, कमिशन आहे की काय. शेवटी कॅल्क्युलेटरवर १२ भागिले ११२ केलं तेव्हा ट्यूब पेटली, करासकट रकमेतून कर वेगळा काढायचा म्हणून कोणीतरी (म्हणजे आमच्या दोघांपैकी एकाने) भागाकार हाताने करून चिकटवलाय. हा आकडा कुठल्याही सर्चमध्ये सापडला नसता. दर ५ झाला की इथे ०.०४७६२ हवं, आणि ते राहिलं असतं तर प्रत्येक रिफंडमध्ये दुपटीहून जास्त कर परत दाखवला गेला असता.

करणाऱ्यांना सांगणं: दर शोधताना फक्त दर शोधू नका. शंभरात मिळवून, शंभराने भागून, उलटा करून, जेवढ्या रूपात असू शकतो तेवढ्या सगळ्या रूपांत शोधा.

उद्या अनंत चतुर्दशी, ज्युनियरकडे अकरा दिवसांचा गणपती, तो सोमवारी येणार.

८ सप्टेंबर, सोमवार

टेस्टसाठी वेगळा छोटा सर्व्हर घेतला, महिन्याला पाचशेच्या आत पडतो. हा आधीच का घेतला नव्हता याला उत्तर नाही. त्यावर बिलाच्या फाईलमध्ये १२ चे ५ केले, नुसतं बघायला. नवीन बिल बरोबर आलं. ४,००० ची खोली आधी ४,४८० व्हायची, आता ४,२००. छान.

मग ज्युनियरने सहज ऑगस्टचं एक जुनं बिल रीप्रिंट केलं. तेही ४,२००.

म्हणजे आमचं सॉफ्टवेअर बिल साठवतच नाही. बुकिंग साठवतं, आणि प्रिंट मारलं की कर तिथल्या तिथे नव्याने काढतं. पार्टनरच्या अर्ध्या तासाच्या बदलाने आठ वर्षांची सगळी बिलं एका झटक्यात बदलली असती. गिऱ्हाइकाने भरलेले रिटर्न एक सांगणार आणि छापलेलं बिल दुसरं. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, तेव्हा जुनं गेलं खड्ड्यात असंही म्हणता येत नाही.

संध्याकाळी आणखी एक पोटात गोळा आणणारा विचार: १८ जुलै २०२२ ला हेच झालं असणार. त्या दिवशी १,००० पर्यंतच्या खोल्यांची माफी गेली आणि १२ टक्के लागले. तेव्हा आम्ही ती माफीची इफ (अट तपासणारी ओळ) काढून टाकली होती. काढली म्हणजे खरोखर डिलीट केली. २०२१ चं पाळोळेच्या एका ८०० रुपयांच्या झोपडीचं बिल काढून बघितलं, कर ९६ रुपये. मूळ बिलावर शून्य असणार. तीन वर्षं हे तसंच होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण जुनं बिल परत मागतो कोण.

१० सप्टेंबर, बुधवार

पूर्ण रीराईटचा विषय निघाला, निघणारच होता. ज्युनियर म्हणाला, "दादा, लारावेलमध्ये नवीन करूया ना, हे हात लावण्यासारखंच नाही." (लारावेल म्हणजे पीएचपीचा तयार सांगाडा.) लॉकडाऊनमध्ये आम्ही हेच सुरू केलं होतं, ती अर्धवट प्रत (ब्रँच) अजून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, पडून आहे. लॉगिन झालेलं, खोल्यांची यादी झालेली, बिल झालेलं नाही. रीराईटमध्ये सोपं आधी होतं आणि ज्यासाठी सगळा खटाटोप ते शेवटपर्यंत शिल्लक राहतं. आणि २२ तारीख काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

ठरलं ते असं: ज्याला कर शिवतो तेवढंच साफ करायचं, बाकी कितीही घाण दिसलं तरी नजर फिरवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण कोड वाचताना हात शिवशिवतात त्याचं काय.

११ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं काम, जुनी बिलं गोठवणे. नवीन टेबल केलं, त्यात बिल नंबर, तारीख, प्रत्येक रात्रीची रक्कम, दर, सीजीएसटी, एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर), एकूण. मग जुन्याच कोडला सगळ्या बिलांवरून फिरवलं आणि तो जे काढतो ते या टेबलात भरलं. इथून पुढे रीप्रिंट म्हणजे टेबलातलं वाचून छापणे, गणित नाही.

१८ जुलै २०२२ च्या आधीची १,००० पर्यंतच्या खोल्यांची बिलं जुन्या कोडकडूनही चुकीचीच येणार होती, त्यावर दोघांचा बराच वाद झाला. ती सगळी पुन्हा बरोबर काढायची म्हणजे प्रत्येक गेस्ट हाऊसचे तेव्हाचे रिटर्न मागवून जुळवायला हवेत. शेवटी दर तारखेप्रमाणे लावून जमेल तेवढी बरोबर केली आणि त्या बिलांवर 'मूळ प्रत पाहावी' असा शेरा छापायला लावला. कुरूप आहे, पण खोटं नाही.

दुसरं, जाळं. डेटाबेसमधून खरी बुकिंग घेतली, नावं आणि फोन पुसले, जुन्या कोडचं उत्तर फाईलमध्ये लिहून ठेवलं. नवीन कोड याच बुकिंगवर चालवायचा आणि फरक बघायचा. जुनं उत्तर चूक असलं तरी आधी टिपायचं, नंतर ठरवायचं बदलायचं की नाही. युनिट टेस्ट वगैरे शास्त्रशुद्ध काही नाही, एक स्क्रिप्ट आणि दोन फाईलींची तुलना. पण यानंतर पहिल्यांदा त्या फाईलला हात लावताना भीती वाटली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

ज्युनियरला कराचं गणित एका जागी आणायला सांगितलं होतं. त्याने मनापासून केलं. इंटरफेस, फॅक्टरी, प्रत्येक दरासाठी वेगळा क्लास, ॲबस्ट्रॅक्ट कराचा एक क्लास ज्याच्याखाली उद्या व्हॅट आला तरी चालेल. कोड वाचायला नीटनेटका, नावं सुंदर. पण ६,००० च्या खोलीला किती कर लागतो हे शोधायला मला फाईलीमागून फाईली उघडाव्या लागल्या. जुन्या घाणीत निदान कंट्रोल-एफ मारून पोचता यायचं.

त्याला वाईट वाटू न देता सांगायचं कसं हा वेगळाच प्रकल्प. शेवटी दोघांनी बसून कागदावर फक्त दर लिहिले:

१ जुलै २०१७ पासून: १,००० च्या खाली शून्य, १,००० ते २,५०० च्या आत १२, २,५०० ते ७,५०० च्या आत १८, ७,५०० आणि वर २८.
१ ऑक्टोबर २०१९ पासून: १,००० पर्यंत शून्य, त्यावर ७,५०० पर्यंत १२, त्याच्या वर १८.
१८ जुलै २०२२ पासून: ७,५०० पर्यंत १२, वर १८.
२२ सप्टेंबर २०२५ पासून: ७,५०० पर्यंत ५, वर १८.

कागद बघून तोच म्हणाला, "हे तर टेबल आहे." झालं. एक टेबल (कधीपासून, किती रकमेपर्यंत, किती टक्के) आणि एक फंक्शन. त्याचे क्लास गेले. पुढच्या वेळी कौन्सिलने दर बदलला की एक रो टाकायची, कोडला हात नाही.

एक बारीक खोड यात आहे. २०१७ ला ७,५०० ची खोली वरच्या टप्प्यात होती, 'च्या आत' असं होतं. २०१९ पासून ७,५०० धरून खालच्या टप्प्यात. आमच्या जुन्या कोडमध्ये एका ठिकाणी 'पेक्षा कमी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पेक्षा कमी किंवा समान' होतं, त्यामुळे बरोबर ७,५०० च्या खोलीला कोटेशनमध्ये एक कर आणि बिलात दुसरा. आणि ७,५०० हा आकडा गोव्यात किती मालकांनी मुद्दाम ठेवलाय ते विचारूच नका. आता तर फरक डोळ्यांत भरणारा आहे, ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,५०१ ची ८,८५१ ला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आजचा बग या सगळ्या नोंदीतला सगळ्यात महाग. कराचा टप्पा खोलीच्या त्या दिवसाच्या रकमेवर ठरतो. आमचा जुना कोड सगळ्या रात्रींची बेरीज करून रात्रींनी भागायचा आणि सरासरीवर टप्पा लावायचा. २०१७ ला सगळ्यांचे दर रोज सारखे होते, चाललं. मग वीकेंडचे दर आले, ख्रिसमसचे आले, कोड तसाच राहिला.

मोरजीचं एक बुकिंग घेतलं, दोन रात्री ६,५०० आणि शनिवारी ९,०००. बेरीज २२,०००, सरासरी ७,३३३, म्हणजे कोडच्या मते सगळंच खालच्या टप्प्यात. जुन्या दराने कर २,६४० काढला जायचा, हवा होता १,५६० अधिक १,६२०, म्हणजे ३,१८०. ५४० कमी. नवीन दराने हाच बग १,१०० काढणार आणि हवेत ६५० अधिक १,६२०, २,२७०. म्हणजे १,१७० कमी, एका बुकिंगमागे, आणि ते मालकाच्या खिशातून.

कोडमध्ये एक अक्षर न बदलता बगची किंमत दुपटीवर गेली. टेक्निकल डेट म्हणजे कोड दिसायला घाण आहे असं लोक बोलतात तेव्हा मला हे बुकिंग आठवतं. ही सरासरीची ओळ दिसायला एकदम स्वच्छ होती, नाव चांगलं, तीन ओळींचं फंक्शन, कोणीही रिव्ह्यूमध्ये पास केलं असतं.

फिक्स सोपा, प्रत्येक रात्र वेगळी ओळ, प्रत्येक ओळीला तिचा दर. वेळ गेला तो गिऱ्हाइकांना फोन करण्यात. मागच्या सीझनची अशी बुकिंग शोधून याद्या पाठवल्या आणि सांगितलं की तुमच्या सीएला दाखवा. एक मालक चिडले, बरोबरच आहे. एका बाईंनी शांतपणे विचारलं, "मग आतापर्यंत कसं चाललं?" यावर काय बोलणार.

१७ सप्टेंबर, बुधवार

अधिसूचना आली. आता ॲडव्हान्सचा घोळ. ऑगस्टमध्ये पैसे दिले, राहणार ऑक्टोबरमध्ये, दर कुठला? सीएंना ऑफिसात बोलावलं, कोकम सरबत पाजलं. त्यांनी सोपं करून सांगितलं: सेवा, बिल आणि पैसे या तीन गोष्टींतल्या दोन ज्या बाजूला पडतात तो दर. राहणं आणि बिल २२ नंतर असेल तर पैसे आधी आले तरी ५. पण बिलही आधी फाडलं आणि पैसेही आधी घेतले तर १२, मग राहू दे ऑक्टोबरात.

आमच्या कोडमध्ये तारीख एकच, चेक-इनची. बाकीच्या दोन तारखांसाठी स्क्रीनवर नवीन फील्ड हवी होती आणि ती नीट करायला दोन दिवस तरी गेले असते. इथे मुद्दाम कर्ज काढलं: ज्या बुकिंगचं बिल आणि पैसे दोन्ही २२ च्या आधीचे आहेत ती यादी क्वेरीने काढली आणि प्रत्येकावर 'जुना दर' असा झेंडा हाताने लावला. झेंड्याच्या बाजूला कॉमेंट, हा कशासाठी आहे आणि ३१ मार्च २०२६ नंतर काढून टाकावा. असा बदल पुन्हा येईल तेव्हा येईल, त्यासाठी कायमची यंत्रणा आत्ता उभारायला मला पटलं नाही. पार्टनरला पटलं होतं, पण स्क्रीन त्याला करायची होती म्हटल्यावर त्यालाही पटेनासं झालं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पैशांचा हिशेब. ३,८९९ ची खोली, १५ टक्के सूट, राहिले ३,३१४.१५. जुना कोड ५ टक्के काढून राउंड करतो, १६५.७१. मग छापताना अर्धं करतो, ८२.८५५, ते होतं ८२.८६, दोनदा. बेरीज १६५.७२. आणि अडीच-अडीच टक्के वेगळे काढले तर ८२.८५ दोनदा, १६५.७०. एकाच बिलाला तीन उत्तरं. एका पैशाने कोणी मरत नाही पण महिन्याच्या रिपोर्टची बेरीज बिलांशी जुळत नाही आणि मग गिऱ्हाइकाचा अकाउंटंट फोनवर तास खातो. कित्येक वर्षं आम्ही तो तास देत होतो.

आता सगळं पैशांत, पूर्णांकात. ३,३१,४१५ पैसे. सीजीएसटी वेगळा काढायचा, राउंड करायचा, एसजीएसटी तेवढाच, एकूण म्हणजे या दोघांची बेरीज. रुपये फक्त छापताना.

२१ सप्टेंबर, रविवार

आज रात्री लाईव्ह. सर्वपित्री अमावस्या, आई म्हणाली आज नवीन काही सुरू करू नको. म्हटलं दर उद्यापासून लागू आहे, मी फक्त फाईली चढवतोय. बॅकअप घेतला, बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उघडून बघितला (हे करा, नुसता घेऊ नका), मध्यरात्रीच्या आधी चढवलं. तारखेप्रमाणे दर असल्यामुळे बारा वाजायची वाट बघत बसावं लागलं नाही, हे सुख वेगळंच.

२२ सप्टेंबर, सोमवार

नऊ वाजता मोरजी. "स्क्रीनवर ४,४८० दाखवता आणि बिल ४,२०० चं येता, पाहुणो विचारता खरें कितें?"

बुकिंग स्क्रीनची जावास्क्रिप्ट. सर्व्हरवर नवीन, पण रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरने जुनीच जपून ठेवलेली. प्रत्येक गेस्ट हाऊसला फोन करून कंट्रोल आणि एफ-पाच एकदम दाबा असं सांगत बसलो. एकाकडे कीबोर्डचं एफ-पाचच तुटलेलं. दुपारी फाईलच्या नावात व्हर्जन नंबर टाकला, विषय संपला. संध्याकाळी पुढचं पाऊल टाकलं, स्क्रीनवरचं कराचं गणितच काढलं, आता ती सर्व्हरला विचारते. थोडी हळू झाली आहे, कळंगुटला नेट गेलं की जाणवतं. पण एकच गणित दोन भाषांत दोन जागी ठेवायचं नाही, यावर मी अडून बसलो.

२९ सप्टेंबर, सोमवार

लाईव्ह गेल्यावर ज्युनियरने मोकळ्या वेळात न वापरलेली फंक्शन काढायला घेतली. त्याने मला २०१२ च्या नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग कंपनीचं उदाहरण दिलं, जुना मेलेला कोड सर्व्हरवर राहिला, नवीन कोड आठातल्या एका सर्व्हरवर चढलाच नाही, आणि साधारण पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास गेले. मुद्दा खरा आहे. मी हो म्हटलं.

तीन दिवसांनी पर्वरीच्या एका मालकाने विचारलं रात्रीचा कॅशचा मेल का येत नाही. ते फंक्शन कोडमध्ये कोणीच बोलवत नाही हे खरं, पण क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव डेटाबेसमधून वाचून चालवलं जातं. सर्चला ते कसं दिसणार.

आता पद्धत अशी: संशयित फंक्शन लगेच काढायचं नाही, त्यात एक लॉगची ओळ टाकायची आणि पूर्ण महिना जाऊ द्यायचा, महिनाअखेर धरून. लॉग कोरा राहिला तर काढायचं. ज्युनियरला हे फार संथ वाटतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

होस्टिंगवाल्यांचा मेल, पीएचपी ७.४ बंद करणार. त्याचा सपोर्ट २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपलाय, त्यांनी इतकं चालवलं हेच खूप. टेस्ट सर्व्हरवर आठच्या व्हर्जनवर टाकलं आणि सप्टेंबरचं जाळं चालवलं. आकडे सगळे जुळले. खूश होऊन दोन छोट्या गिऱ्हाइकांना त्यावर हलवलं.

पाळोळेहून व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. बिलावर 'विशेष सूट' अशी ओळ, पुढे रक्कम कोरी. पाहुणा म्हणतोय माझी सूट कुठे आहे, आणि सोडत नाही.

सूटच्या कॉलममध्ये जुन्या फॉर्मने शून्याऐवजी कोरी स्ट्रिंग भरलेली. कोड विचारतो, सूट शून्याबरोबर आहे का? पीएचपी सातपर्यंत कोरी स्ट्रिंग आणि शून्य यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की उत्तर 'हो' यायचं. आठपासून 'नाही' येतं. म्हणून कोड समजला सूट आहे, ओळ छापली. आमचं जाळं फक्त आकडे बघत होतं, छापलेल्या ओळी नाही, त्यामुळे सुटलं. आता बिलाचा पूर्ण मजकूर जुळवतो. कॉलम आकड्याचा केला, कोऱ्या जागी शून्य भरलं. कोडमधल्या अशा सगळ्या तुलना सुधारत बसलो नाही, ज्या कॉलममध्ये खरोखर कोरी स्ट्रिंग आहे ते डेटाबेसला विचारून काढले, मूठभरच निघाले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काम शून्य. ज्युनियर दिवाळीत जाळायच्या वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या मागे, त्याचा फोन लागतच नाही. मी बसून न केलेल्या कामांची यादी लिहिली.

३ नोव्हेंबर, सोमवार

ती यादी दोघांनी एकत्र वाचली. गिटला विचारलं प्रत्येक फाईल गेल्या दोन वर्षांत किती वेळा बदलली. लाँड्रीचं मॉड्यूल, एक फंक्शन आठशे ओळींचं, व्हेरिएबलची नावं ए, बी, बी-वन. वाचवत नाही. दोन वर्षांत बदल शून्य, तक्रार शून्य. परदेशी पाहुण्यांच्या सी-फॉर्मची (सरकारला कळवायच्या माहितीची) एक्सपोर्ट, तीही तशीच, आणि ती चोवीस तासांत जावी लागते म्हणून तिला हात लावायची छातीच होत नाही. दोन्ही तशीच ठेवली. ज्युनियरला लाँड्री साफ करायची फार इच्छा होती, त्याला म्हटलं गिऱ्हाइकाने त्यात काही नवीन मागितलं की त्या दिवशी कर, त्याचं बिलही लावू.

बुकिंग आयातीची फाईल मात्र दिसायला बरी आहे आणि दर महिन्याला फुटते, कारण बाहेरच्या साइट त्यांचा फॉरमॅट बदलत राहतात. पुढचा वेळ तिला.

पैशांचं बोलायचं तर या सगळ्याचं वेगळं बिल कोणाला लावता आलं नाही, वार्षिक मेंटेनन्समध्येच गेलं. पुढच्या वर्षापासून करारात दर बदलाची वेगळी ओळ टाकतोय. मालकांना रिफॅक्टरिंग म्हटलं की कळत नाही, पण मोरजीच्या बुकिंगचे १,१७० दाखवले की लगेच कळतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गुरुवारपासून इफ्फी (चित्रपट महोत्सव), पणजीत खोली मिळणार नाही, मग ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, मग ख्रिसमस. आजपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लाईव्हवर फक्त तुटलेलं दुरुस्त करायचं, साफसफाई काही चढवायची नाही. ज्युनियरने आयातीचं काम वेगळ्या ब्रँचवर सुरू केलंय.

एक उरलंय ते लिहून ठेवतो. हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा कर. १ एप्रिल २०२५ पासून तो आजच्या खोलीच्या भाड्यावर नाही, मागच्या आर्थिक वर्षात कुठली खोली ७,५०० च्या वर गेली होती का यावर ठरतो, नाहीतर मालकाने स्वतः तसं डिक्लेरेशन दिलं असेल तर. एप्रिलमध्ये घाईत आम्ही दोन गेस्ट हाऊसचे नंबर थेट कोडमध्ये इफ लावून टाकले होते. ते अजून तसंच आहे. या ख्रिसमसला कोणी एक रात्र जरी ८,००० ला खोली दिली तर १ एप्रिल २०२६ ला ती इफ चुकीची ठरणार. आता रात्रनिहाय रकमा टेबलात आहेत, त्यामुळे क्वेरी दहा ओळींची आहे. मार्चच्या पहिल्या सोमवारी ज्युनियरच्या नावावर टाकली, आणि 'जुना दर'चा झेंडा काढायचं काम ३१ मार्चनंतर.